दहा ब्लाइंड उरले की फ्लॉपची वाट बघू नका
पोकरमध्ये तरबेज खेळाडूसमोर नवख्याने फक्त चांगल्या पत्त्यांची वाट बघावी, असं काहीजण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. नुसतं बसून राहिलं तर ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच आळीपाळीने भरायची सक्तीची रक्कम) भरण्यातच चिप्स संपतात. मुरलेला खेळाडू आपल्याला गाठतो तो फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते), टर्न (चौथा) आणि रिव्हरवर (पाचवा), कारण तिथे दर टप्प्याला नवा निर्णय घ्यावा लागतो. म्हणून टूर्नामेंटमध्ये १० बिग ब्लाइंड (मोठ्या ब्लाइंडच्या दहापट चिप्स) उरले की मी फ्लॉपआधीच ऑल-इन तरी करते, म्हणजे सगळ्या चिप्स लावते, नाहीतर पत्ते टाकून डाव सोडते. त्याचं पुढचं कसब वापरायला जागाच उरत नाही.

(खेळते ते फुकटच्या चिप्सवर, पैसे लावून ऑनलाइन पोकरला भारतात २०२५ च्या कायद्याने बंदी आहे.) परवा एक्का-राजावर सगळं लावलं, समोर राण्यांची जोडी! तरीही अशा डावात आपली जिंकण्याची शक्यता ४३ ते ४६ टक्के असते. रिव्हरला राजा आला.