मदत हवी आहे : म्युऑनांच्या नोंदीतून फोरबुश घट वेगळी कशी काढावी?

इंदूर येथे घरी दोन सिंटिलेटर (कण आरपार गेला की प्रकाशाची चमक देणारे शोधक) एकावर एक ठेवून, दोन्हींत एकाच वेळी उमटलेले संकेतच धरून, मी म्युऑनांची, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण (वैश्विक किरण) वातावरणावर आदळल्यावर तयार होणाऱ्या कणांची, मोजणी करतो. मे 2024 मध्ये सूर्यावरून निघालेल्या प्लाझ्माच्या ढगांतील चुंबकीय क्षेत्राने वैश्विक किरण अडवले, त्यांची संख्या काही काळ घटली (हीच फोरबुश घट) आणि फिनलंडमधील औलू येथील न्यूट्रॉन मापकावर ती घट स्पष्ट दिसली; माझ्या नोंदीत मात्र ती चढउतारांत हरवते. आपल्या अक्षांशावर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेचे कण मुळातच रोखत असल्याने घट लहान असणार, हे मान्य. हवेच्या दाबाची दुरुस्ती केली आहे. उपकरण मोठे करणे शक्य नाही. उरला वरच्या वातावरणातील तापमानाचा परिणाम : त्यासाठी केवळ 100 मिलिबार दाबाच्या पातळीचे (सुमारे 16 किमी उंचीवरचे) तापमान पुरेल, की सर्व थरांची भारित सरासरी घ्यावी लागेल?