मदत हवी आहे : एचबीबी जनुकातील उत्परिवर्तनांची क्लिनव्हारमध्ये नोंद

आमच्या प्रयोगशाळेला एचबीबी जनुकातील (हिमोग्लोबिनचा बीटा घटक घडवणाऱ्या जनुकातील) उत्परिवर्तनांची, म्हणजे बदलांची, माहिती अमेरिकेतील एनसीबीआय या जैवतंत्रज्ञान माहिती केंद्राच्या क्लिनव्हार या संग्रहाकडे पाठवायची आहे; जनुकीय बदल आणि आजार यांचा संबंध तेथे नोंदवला जातो. काही रुग्णांना एका पालकाकडून सिकलसेलचे, तर दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचे उत्परिवर्तन मिळालेले आहे (दोन्ही हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार); अशा वेळी दोन्हींची नोंद स्वतंत्रपणे करावी, की संयुक्त जनुकप्रकार (एकाच रुग्णातील दोन्ही बदलांची जोडी) म्हणून एकत्र? ही उत्परिवर्तने तेथे आधीच नोंदलेली असल्याने खरी भर लक्षणांच्या तपशिलाचीच पडेल, असे मला वाटते; मात्र गर्भीय हिमोग्लोबिनचे (मुख्यतः गर्भावस्थेत असणाऱ्या हिमोग्लोबिनचे) प्रमाण एचपीओ या लक्षणांच्या शब्दसंग्रहातील प्रमाणित संज्ञांत बसवताना नेमका आकडाच गळतो. शिवाय रुग्ण विदर्भातील लहान आदिवासी समाजांतील असल्यामुळे वय, गाव आणि जमात एकत्र दिल्यास (संमतिपत्र असले तरी) त्यांची ओळख पटू शकते. यांपैकी काय वगळावे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.