जंगल जाळणं मुलांना शिकवायचं?

यारातीर (मेलबर्न):
शाळेच्या सुट्टीत लेकीला घेऊन व्हिक्टोरिया राज्यातल्या बज बिम या जुन्या मत्स्यपालनाच्या जागी गेलो. गुंडिचमारा या तिथल्या ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी) लोकांनी तिथे लाव्ह्याच्या दगडांत चर आणि बांध घालून वाम मासा पाळला, तोही किमान ६,६०० वर्षांपासून. २०१९ मध्ये ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. वाटाड्या काकांनी लेकीच्या हातात गवताची विणलेली निमुळती टोपली दिली. तिचा हात टोकातून आरपार गेला, माझा मनगटाशी अडला. लहान वाम निसटते, मोठी तेवढी अडकते. हे तिला कुठल्याही पुस्तकातून इतकं कळलं नसतं.

शाळेत मात्र वर्षातून एक दिवस ॲबोरिजिनल पद्धतीची ठिपक्यांची चित्रं काढतात आणि विषय संपतो. माझं म्हणणं, ॲबोरिजिनल लोक जमीन कशी राखतात ते मुलांना नीट शिकवावं. जंगलात मंद आग लावणंसुद्धा.

सह्यभटका (सातारा):
शेवटच्या वाक्याला कडाडून विरोध. गवत जोमानं येतं म्हणून आमच्याकडे दर उन्हाळ्यात डोंगराला काडी लावतात. गेल्या मार्चमध्ये आम्ही आठ जण रात्री दोनपर्यंत ओल्या फांद्यांनी वणवा झोडपत होतो. सकाळी टिटवीची अंडी सापडली, काळी ठिक्कर. मराठी पोरांच्या डोक्यात ‘आग चांगली’ हे कृपा करून भरू नका.

यारातीर:
दादा, तुमची तळमळ पोचली. पण दोन्ही आगी एक नाहीत. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडूत बिनिंज हे तिथले मूळ लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. पावसाळा सरला की ‘येगे’ हा ऋतू. त्यात तिथला एक ठरावीक निलगिरी फुलला की जाळायला सुरुवात. गवत अजून अर्धं ओलं असतं, ज्योत बुटकी राहते, झाडांचे शेंडे शाबूत राहतात. पुढे थंडीत रात्रीचं दव पडलं की आग आपोआप विझते. एकाच वेळी सगळं जाळत नाहीत, तुकड्या-तुकड्यानं, म्हणजे प्राण्यांना सरकायला जागा उरते. त्याच भागातल्या पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६ पासून सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर हे काम चालतं. त्यामुळे कोरड्या ऋतूच्या शेवटी लागणारे मोठे वणवे घटले.

निळे डोंगर (सिडनीजवळ):
उत्तरेची गवताळ रानं वेगळी, आमच्याकडची जंगलं वेगळी. २०१९ हे ऑस्ट्रेलियाचं नोंदीतलं सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडं वर्ष. त्या उन्हाळ्यात आमच्या पन्हाळीत जळकी पानं पडत होती, आठवडेच्या आठवडे खिडक्या बंद. तशा वाऱ्यात आधी जाळून ठेवलेले पट्टेही पेटले. जुनं ज्ञान मोलाचं आहेच. पण त्यानं वणवे थांबतील असं मुलांना सांगणं म्हणजे तापमानवाढीचा विषय टाळणं. हे मला पटत नाही.

खडूफळा (पर्थ):
मी शिक्षिका आहे. मला वेगळीच गोष्ट खटकते. २०२० च्या मे महिन्यात आमच्या राज्यातल्या पिलबरा भागात जुकान घळीतली ४६,००० वर्षांच्या वस्तीची गुहा लोहखनिजासाठी सुरुंगानं उडवली. सरकारी परवानगीनं! ती जागा राखणारे ॲबोरिजिनल लोक विरोध करत राहिले. याच लोकांची मुलं कित्येक दशकं आईबापांपासून तोडून नेली. सरकारनं २००८ मध्ये त्याची माफी मागितली. आजीनं नातवाला आग शिकवायची ती साखळी अशी तुटली. हे गाळून नुसती टोपली शिकवायची असेल, तर मी विरोधात.

यारातीर:
ताई, हे लागलं. बज बिमचं तळंही गोऱ्यांनी चराईसाठी आटवलं होतं. जमीन गुंडिचमारा समाजाकडे परत आली, त्यांनी २०१० मध्ये बंधारा घातला, तेव्हा पाणी परतलं. लेकीला मी टोपलीच दाखवली, हे सांगितलंच नाही. आज रात्री सांगते.

आणि सह्यभटका, एक विचारू? वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे वणवा पुढे जाऊ नये म्हणून गवताचा पट्टा मोकळा करतं, तिथेही गवत जाळतातच ना?

सह्यभटका:
जाळतात. पण माणसं बाजूला उभी असतात, आग विझेपर्यंत हलत नाहीत. डोंगराला काडी लावणारा मागे वळूनही बघत नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे. जाळरेषा काढताना पोरांना बघायला नेऊ. काडी मात्र त्यांच्या हातात देणार नाही.