जेसीबीचा दात तेलाच्या पाईपला लागलाय, कळवू का?

को_८६०३२: रान हातकणंगले तालुक्यात. उसातून पेट्रोल-डिझेलची लाईन गेलीय, सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद आहे. परवा ठिबकची मेन लाईन गाडायला भावकीतल्या पोराचा जेसीबी आणला. बांधावरचा खुणेचा दगड मीच दाखवला होता, तरी चर सरकला. कर्रर्र आवाज. उतरून बघतो तर काळ्या आवरणावर वीतभर ओरखडा, मधोमध लोखंड चकाकतंय. वास नाही, गळती नाही. पोरगं म्हणालं, "माती ओढा मामा, कुणाला कळतंय?" ओढली. तीन रात्री झोप नाही. कळवलं तर केस होईल का?

पंचगंगाकाठ: गळत नाही न्हवं? मग झालं की. आमच्या गावच्या पाणी योजनेची पाईप दर आठवड्याला फुटते, कोण विचारतंय?

गंजवाला: पाणी योजनेशी तुलना नको, भावा. पाईपलाईनच्या गंजरोधक कामावर मी अकरा वर्षं काढलीत. आवरण सोललं की नेमकं तिथंच गंज धरतो. विजेचा हलका प्रवाह सोडून तो रोखतात, पण दातानं लोखंडच खरवडलं असेल तर त्या प्रवाहाचा काय उपयोग? दाब वर-खाली होईल तशी तिथली भेग वाढते. अमेरिकेत बेलिंगहॅमला १९९४ मध्ये पाण्याच्या प्रकल्पाची खोदाई करताना पाईप असाच दुखावला. फुटला १९९९ च्या जूनमध्ये. सुमारे ९ लाख लिटर पेट्रोल सांडलं, ओढ्यात उतरलं, पेटलं. तिघं गेली, त्यातली दोन पोरं दहा वर्षांची. तुमच्या रानाखाली ओढा आहे का?

को_८६०३२: आहे. म्हशी तिथंच बसतात.

वकिलीण_शाहूपुरी: पेट्रोलियम पाईपलाईनच्या १९६२ च्या कायद्यानं लाईन गेलेल्या पट्ट्यात घर, विहीर, तळं, झाड चालत नाही, उसाला बंदी नाही. पाईपच्या नुकसानीची शिक्षा जाणूनबुजून करणाऱ्याला आहे. चुकून लागलं हे आज सांगाल तर पटेल. वर्षानं उकरताना सापडलं तर तुमचं कोण ऐकणार? बोर्डावरच्या नंबरवर आजच फोन करा, तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा.

को_८६०३२: केला. दुपारीच दोघं आले, हातानं माती काढली, ओरखड्याची खोली मोजली, फोटो काढले. उद्या मोठी टीम येणार, चार सऱ्या जातील म्हणाले. जेसीबीवालं पोरगं फोन उचलत नाही.