दंडारीच्या वह्या आणि आंधळा जमीनदार कवी रिचर्ड मेटलंड

झाडीवाचक: गावच्या वाचनालयात दंडारीच्या (झाडीपट्टीतल्या लोकनाट्याच्या) आणि भजनांच्या जुन्या हस्तलिखित वह्या आल्यात. त्या नकलून ठेवायच्या आहेत. स्कॉटलंडच्या रिचर्ड मेटलंडने अशीच जुनी कविता राखली म्हणतात. डोळे गेलेल्या माणसाने हे कसं केलं? त्यातलं आपल्या कामाचं काय?

पोथीघर: मेटलंड लेथिंग्टनचे जमीनदार (१४९६–१५८६). वडील १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत पडले. १५६० च्या सुमारास दृष्टी गेली, तरी १५६१ मध्ये ते न्यायाधीश झाले. कविता मुख्यतः साठीनंतरच्या. १५७० मध्ये इंग्रज हल्लेखोरांनी ब्लाइथची त्यांची जहागीर लुटली: ५,००० मेंढ्या, २०० गुरं, ३० घोडे. त्यावरही त्यांची कविता आहे!

डोळे नव्हते, म्हणून लेखणी दुसऱ्यांच्या हाती. मोठ्या वहीत, म्हणजे फोलिओत, अनेकांची अक्षरं आहेत. जुना स्कॉटिश कवी डनबर याच्या काही कविता आज तिच्यामुळेच उरल्यात. दुसरी लहान वही, क्वार्टो. तिच्यावर १५८६ साल आणि मुलगी मेरी हिचं नाव आहे. श्रेय एकट्या मेटलंडना देणं मला पटत नाही, ते घराचं काम होतं. दोन्ही वह्या आता केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत.

वैनगंगा: भाऊ, खरी गोष्ट पुढे आहे. फोलिओतली काही पानं नंतर हरवली. पण १६२२ मध्ये रीडपेथ नावाच्या माणसाने तिची नक्कल सुरू केली होती, त्या नकलेत डनबरच्या काही कविता टिकल्या. म्हणून एका नकलेवर थांबू नका. एक वाचनालयात, एक दुसऱ्या गावी.

पोथीघर: आधी प्रत्येक पानाचे फोटो, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. पानांवर क्रमांक पेन्सिलीनेच. मग एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, तिसऱ्याने मूळ वहीशी ताडायचं. गावची बोली ‘शुद्ध’ करू नका. ‘व्हय’ असेल तर ‘व्हय’च. न लागलेल्या शब्दाच्या जागी टिंबं द्या, अंदाज नको. वही कुणाच्या घरची, हे पहिल्या पानावर टाका.

झाडीवाचक: फाटलेली पानं चिकटपट्टीने जोडू का जी?

वैनगंगा: अजिबात नको. पट्टीचा गोंद कालांतराने पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि शाई खराब करतो. लॅमिनेशनही नको, ते परत सुटत नाही. सुटं पान साध्या कागदाच्या घडीत ठेवा. कसर लागलेली वही बाकीच्यांपासून वेगळी करा, ओलीच्या भिंतीला कपाट लावू नका. आणि फोटोचं काम पावसाळ्याआधी उरका.