वस्तीची तक्रार : नगरसेवकाच्या फोनवर की प्रभागाच्या सभेत?

नदीकाठ (धागाकर्ता)

महाराष्ट्रातल्या छोट्या शहरांत गल्लीतले गटार तुंबले, पथदिवा बंद पडला किंवा घंटागाडी फिरकली नाही की नागरिक सर्वप्रथम नगरसेवकाला फोन करतो. नगरसेवक मुकादमाला सांगतो, मुकादम माणूस पाठवतो आणि गटार वाहू लागते. या व्यवहारात कोणालाच काही खटकत नाही, आणि मला नेमके तेच आक्षेपार्ह वाटते. फोनवर सुटलेल्या तक्रारीची कार्यालयात कोठेही नोंद होत नाही. त्या गटाराचा उतारच चुकलेला आहे आणि म्हणून ते दर पावसाळ्यात तुंबते, ही गोष्ट पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक तयार करणाऱ्यांच्या दृष्टीने घडलेलीच नसते. शिवाय ज्याचे काम झाले तो नगरसेवकाचा उपकृत होतो. आपण भरलेल्या मालमत्ता कराच्या बदल्यात मिळायला हवी ती सेवा मेहेरबानी म्हणून पदरात पडते आणि मतदानाच्या वेळी तिची आठवण करून दिली जाते.

खेड्यातल्या माणसाला निदान ग्रामसभा आहे. ती कशी चालते याविषयी पुष्कळ बोलता येईल, पण सरपंचाला उभे राहून प्रश्न विचारण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि वर्षातून किमान चार सभा घेणे बंधनकारक आहे. शहरात काय आहे? नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणारी 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली, पण तिने प्रभाग समित्यांची सक्ती केली ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरती (अनुच्छेद 243 एस). आपल्याकडच्या बहुसंख्य नगरपरिषदा आणि सगळ्या नगरपंचायती त्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत. 2014 नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींचे रूपांतर नगरपंचायतींत झाले. तिथल्या लोकांना शहराचा दर्जा मिळाला आणि ग्रामसभा गेली. या अदलाबदलीची चर्चा झाल्याचे मी फारसे ऐकलेले नाही.

तक्रारीसाठी शासनाने काढलेले मार्गही एकट्यादुकट्यासाठीच आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात अर्ज वैयक्तिक स्वरूपाचा असावा अशी अट आहे. एका गल्लीतल्या सर्व घरांना गढूळ पाणी येत असेल, तर ती तक्रार वैयक्तिक कशी करायची?

म्हणून माझे मत असे की, वस्तीची तक्रार प्रभागाच्या जाहीर सभेत, मुख्याधिकारी आणि नगरसेवक समोर बसलेले असताना मांडली जावी आणि सभेचे इतिवृत्त लिहिले जावे.

आवकजावक

मी नगरपरिषदेच्या नोकरीतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू मांडतो. जाहीर सभेत तक्रारीवर निर्णय होत नाही, आवाज होतो. ज्याचा आवाज मोठा, त्याचा रस्ता आधी. याउलट साधा लेखी अर्ज आवक-जावक विभागात दिला, पोहोच घेतली आणि आवक क्रमांक जपून ठेवला, तर तो कागद शाखेकडे जातो, त्यावर शेरा पडतो, स्थळपाहणी होते आणि पुढे माहिती अधिकारात त्याच क्रमांकाचा आधार घेऊन "माझ्या अर्जाचे काय झाले" असे विचारता येते. सभेत उभे राहून बोललेल्या वाक्याला आवक क्रमांक नसतो.

दुसरे असे की, आमच्याकडे येणारी निवेदने वाचवत नसत. "आमच्या भागाकडे दुर्लक्ष होत असून तातडीने लक्ष द्यावे" याखाली दोन पाने सह्या. भाग कोणता, खांब कितवा, पाणी कोणत्या वेळी येत नाही, काही नाही. शहरातून जाणारा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो, झुकलेला विजेचा खांब महावितरणचा असतो, आणि तक्रार मात्र आमच्याकडे येते. आम्ही ती पुढे पाठवली की "टोलवाटोलवी" म्हणून बातमी छापून येते. जिथे एकाच अभियंत्याकडे पाणीपुरवठा आणि बांधकाम दोन्ही असतात, तिथे त्याला संध्याकाळी प्रभागाच्या सभेत बसवून काय साधणार आहे?

तिसरी गल्ली

नदीकाठ यांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो. महाराष्ट्रातल्या अनेक नगरपरिषदांची मुदत संपल्यानंतर तिथे प्रशासक बसले आणि डिसेंबर 2025 मध्ये मतदान होईपर्यंत ते बसून होते. त्या काळात फोन करायला नगरसेवकच नव्हता. माजी नगरसेवकांनी पहिले काही महिने वजन वापरून कामे करून दिली, नंतर तेही थकले. आमच्या भागातल्या लोकांनी तेव्हा प्रथमच एकत्र बसून अर्ज लिहिले. अमुक घरापासून तमुक घरापर्यंत गटाराची लांबी मोजली, छायाचित्रे जोडली. काम लगेच झाले असे नाही, पण जे उत्तर आले ते लेखी आले. निवडणूक झाली आणि लोक पुन्हा फोनकडे वळले.

त्यातही नगरपरिषदेत एका प्रभागात साधारणपणे दोन सदस्य असतात. एकाला सांगावे तर तो म्हणतो, "तो पट्टा त्यांच्याकडे आहे." दुसऱ्याचे उत्तर याच्या उलट. कायद्याने दोघेही संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी आहेत, तरी त्यांनी आपसात गल्ल्या वाटून घेतलेल्या असतात आणि सीमेवरची गल्ली कोणाचीच नसते. दोघे एकाच सभेत समोरासमोर बसले तर ही पळवाट आपोआप बंद होईल.

सुमेधा

सभेच्या बाजूने लिहिणारे सगळे स्वतःच्या नावावर घर असलेले असावेत, असे वाचताना वाटत राहिले. माझे काम शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये असते. तिथल्या घरांपैकी कित्येक अतिक्रमणात मोडतात. नळ वस्तीच्या तोंडाशी एकच. अशा वस्तीतली बाई प्रभागाच्या सभेत उभी राहून "आम्हाला पाणी येत नाही" असे म्हणाली, तर पक्क्या घरांतून येणारा पहिला प्रश्न पाण्याचा नसतो. "मुळात तुमची घरे तिथे कशी?" हा असतो. तक्रार करायला गेलेली वस्ती आरोपी होऊन परत येते, आणि हे सगळे इतिवृत्तातही लिहिले जाते.

या लोकांसाठी नगरसेवकाचा फोन हा लाचारीचा मार्ग असेल, पण तो सुरक्षित आहे. त्याला मते हवी असतात, म्हणून तो टँकर पाठवतो आणि कागद मागत नाही. आवकजावक यांच्या अर्जालाही हेच लागू आहे. अर्जावर पत्ता लिहावा लागतो, आणि इथे अडचण पत्त्याचीच आहे. तुम्ही ज्याला मेहेरबानी म्हणता, तिच्यावाचून ज्यांचे भागत नाही त्यांना आधी काय देणार ते सांगा आणि मग ती बंद करा.

सभेची वेळ हाही प्रश्न आहेच. संध्याकाळी सात वाजता स्वयंपाक सोडून कोण येणार आहे?

कलमबहाद्दर

चर्चा सौजन्याभोवती फिरते आहे, हक्काचा मुद्दा बाजूला राहतो आहे. रतलाम नगरपालिकेचा खटला इथे आठवायला हवा. मध्य प्रदेशातल्या त्या शहरातील एका वॉर्डाचे रहिवासी उघडी गटारे, दुर्गंधी आणि शौचालयांचा अभाव यांना कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे गेले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश त्यांनी मागितला आणि तो मिळाला. नगरपालिकेने पैसे नसल्याचे कारण पुढे करीत सर्वोच्च न्यायालय गाठले. 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दिलेल्या निकालाने ते कारण फेटाळले. निधीचा तुटवडा सांगून नगरपालिकेला आपल्या मूलभूत कर्तव्यातून सुटता येत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. तीच तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे. कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्याकडे, वस्तीला एकत्र जाता येते. सभा भरवण्यात शक्ती घालवण्यापेक्षा हा मार्ग वापरा.

नदीकाठ

कलमबहाद्दर, त्या वस्तीने पहिला अर्ज केल्यापासून सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कित्येक वर्षे लोटली होती. हक्क प्रस्थापित करण्यासाठी तो मार्ग मोलाचा आहे, पण बंद पडलेल्या पथदिव्यासाठी कोणी दंडाधिकाऱ्याकडे जात नाही आणि जाऊही नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 कोणी सुचवण्याआधीच सांगतो की, त्यात वेळेत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत शास्ती आहे हे खरे. पण ती अधिसूचित सेवांपुरती, आणि नगरपरिषदेच्या त्या यादीत प्रामुख्याने दाखले, उतारे, नळजोडणी असल्या गोष्टी आहेत. जोडणी वेळेत मिळेल. त्या जोडणीतून पाणी येते की नाही, हा विषय निराळा.

आवकजावक यांनी अर्जाचे जे गुण सांगितले ते मला मान्य आहेत आणि माझ्या मागणीच्या आड येत नाहीत. सभेत आलेल्या प्रत्येक तक्रारीला तिथेच आवक क्रमांक द्यावा. निवेदने मोघम असतात हेही खरे, पण ती मोघम असतात कारण लिहिणाऱ्याला खांब कोणाचा आणि रस्ता कोणाचा हे कोणी सांगितलेलेच नसते. अभियंता समोर असेल तर ही माहिती दोन मिनिटांत मिळते आणि चुकीच्या दारात जाणारा कागद वाचतो.

सुमेधाताईंच्या आक्षेपाला इतके सोपे उत्तर नाही. प्रभागाची एकच सभा घेतली तर तिच्यात पक्की घरे बोलतील, हे मलाही दिसते. म्हणून सभा वस्तीनिहाय असावी. कडेच्या वस्तीची सभा त्या वस्तीत, तिथल्या बायकांना सोयीच्या वेळी व्हावी, आणि तिथे मालकीचा प्रश्न विषयपत्रिकेवर नसावा. केरळच्या 1994 च्या नगरपालिका कायद्यात एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या शहरांसाठी वॉर्डसभेची तरतूद आहे, म्हणजे छोट्या शहराला ही व्यवस्था पेलत नाही असे म्हणता येणार नाही. आपल्या राज्याच्या शहरी कायद्यांतही 2009 मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एका छोट्या भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद आली, पण ती कागदावरच राहिली.

सुमेधा

वस्तीतच सभा घेतली तर माझा निम्मा आक्षेप संपतो. उरलेला निम्मा असा की, टँकर आज हवा असतो आणि सभा पुढच्या महिन्यात असते. त्यामुळे फोन राहणारच. तो नाहीसा व्हावा अशी अपेक्षा ठेवून तुमची व्यवस्था आखू नका. नगरसेवकाने फोनवर करून दिलेल्या कामाचीही नोंद वहीत व्हावी, एवढी अट घाला. कोणत्या वस्तीला किती टँकर पाठवावे लागले, हे वर्षअखेरीस नुसते मोजले तरी जलवाहिनी कोठे टाकायला हवी ते कळेल. वहीत वस्तीचे नाव पुरे, घर क्रमांक नको.

आवकजावक

वहीची सूचना चांगली आहे. अशी नोंद मुकादमांकडे पूर्वीही असे, फक्त ती त्यांच्या डोक्यात असे आणि ते निवृत्त झाले की जात असे. मोबाइलवरच्या तक्रारींबाबत मात्र एक इशारा देतो. स्वच्छतेच्या ॲपवरील निकाली तक्रारी जेव्हा स्वच्छ सर्वेक्षणाच्या गुणांशी जोडल्या गेल्या, तेव्हा काही ठिकाणी कचरा उचलण्याआधी तक्रार "निकाली" दाखवण्याची घाई सुरू झाली. तुमच्या वहीलाही कोणी गुण देऊ लागले की तेच होईल.

आणि सभेला मी अजूनही अनुकूल नाही. अध्यक्षस्थानी नगरसेवक बसणार असेल, तर त्याच्याच शिफारशीने नेमलेल्या ठेकेदाराविरुद्धची तक्रार इतिवृत्तात कशी उतरेल? मुख्याधिकारी बसणार म्हणाल, तर कित्येक मुख्याधिकाऱ्यांकडे शेजारच्या नगरपंचायतीचा अतिरिक्त कार्यभार असतो. ते वर्षातून एकदा आले तरी पुष्कळ.

नदीकाठ

वर्षातून एकदाच यायचे असेल, तर जानेवारीत यावे. नगरपरिषदेची अर्थसंकल्पीय सभा साधारणपणे फेब्रुवारीत होते. तिच्याआधी वस्त्यांच्या सभा झाल्या, सुमेधाताई म्हणतात ती वही तिथे वाचून दाखवली गेली आणि इतिवृत्तावर नगरसेवकांबरोबर वस्तीतल्या दोन रहिवाशांच्या सह्या घेतल्या, तर अध्यक्षस्थानी कोण बसतो याला फारसे महत्त्व उरणार नाही. हे इतिवृत्त अंदाजपत्रकासोबत सभागृहापुढे ठेवण्याची सक्ती असावी. अंदाजपत्रकात गटाराला पैसे न ठेवणाऱ्या सदस्यांनी मग ते का ठेवले नाहीत, याचे कारण सभागृहात नोंदवावे.