महसुली दप्तरात नाव नसलेल्या वाडीचा इतिहास कसा लिहावा?

वाडीकर : आमची वाडी सुमारे सव्वाशे उंबऱ्यांची असून मूळ गावापासून अर्ध्या कोसावर, ओढ्यापलीकडे आहे. प्लेगच्या साथीत गाव सोडून रानात खोपी घालून राहिलेली काही कुटुंबे परत गेलीच नाहीत आणि त्यांतून वाडी वसली, असे जुनी माणसे सांगतात. सातबारा, जनगणना, गॅझेटियर या सर्वांत मूळ गावाचेच नाव असल्याने वाडीचा स्वतंत्र उल्लेख मला अद्याप सापडलेला नाही. यात्रेच्या निमित्ताने एक लहानशी पुस्तिका काढण्याचा आमचा विचार आहे. कागदपत्रांचा शोध कोठून सुरू करावा आणि वाडीच्या सामूहिक जीवनाविषयी काय नोंदवावे, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुने दप्तर : नाव सापडत नसेल, तर जमिनीच्या नंबरावरून मागे जावे लागते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली आपल्याकडे योजना झाली असल्यास जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले असतील. म्हणून वाडी ज्या गटांत वसली आहे त्यांचे जुने नंबर प्रथम जुळवून घ्यावेत आणि मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून त्या नंबरांचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदी, मागवावेत. वारस, वाटण्या, गहाणखते आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर (कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले तो दिवस) लागलेली कुळांची नावे, हे सर्व त्यांत मिळते; जमीन कोणाच्या नावावर होती आणि प्रत्यक्षात कसत कोण होते, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

प्लेगची आठवण खरी असू शकेल, पण ती तपासावी. मुंबईत ही साथ १८९६ मध्ये सुरू झाली आणि पुढील वर्षांत खेड्यापाड्यांत पसरली. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो ते, त्या काळातील उपलब्ध असेल, तर मृत्यूच्या नोंदी कोणत्या महिन्यांत एकाएकी वाढल्या ते पाहावे. नोंदी बहुधा मोडीत असतील. वाचणारा माणूस आधी शोधून ठेवावा. मात्र साथीमुळे लोक रानात गेले, एवढ्याने ते तेथेच का राहिले याचा उलगडा होत नाही. माझा तर्क पाण्याचा आहे. वाडीतील सर्वांत जुनी विहीर कोणी पाडली, हे आधी विचारावे.

ओवी : वरील कागद पुरुषांची नावे देतील. कोणत्या घराण्याचे मूळ कोठले, हे पाहायचे असल्यास नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात. दक्षिण महाराष्ट्रात असाल तर हेळवी कधी येतात ते विचारा. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी असतात. परंतु वाडीत नांदायला आलेल्या स्त्रियांचे काय? जात्यावरच्या ओव्या आठवणाऱ्या आजीबाई अजून असतील, तर त्यांच्या ओव्यांत माहेरची गावे, बाजाराची वाट, ओढ्याचा पूर हे सारे येते. ते यात्रेच्या गडबडीत नव्हे, निवांत बसून ऐकावे आणि ध्वनिमुद्रित करावे.

पांढरी : सामूहिक जीवन म्हटले की पुस्तिकांमध्ये पालखी, अखंड हरिनाम सप्ताह आणि भजनी मंडळ एवढेच येते, आणि मग ती कोणत्याही गावाची पुस्तिका होऊ शकते. यात्रेतील मानपान अवश्य लिहावेत, पण मान कोणाला होता यासोबत देवळाच्या पायरीपाशी कोणाला थांबावे लागत होते, हेही लिहावे. बलुत्याचे धान्य खळ्यावर कोणाला, कोणत्या कामाबद्दल मिळे आणि ते केव्हा थांबले, हे विचारावे. महार वतनासारखी कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने संपली आणि त्या जमिनी पुष्कळदा नवीन शर्तीने, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता येणार नाहीत या अटीवर, परत दिल्या गेल्या. ओढ्याकाठी असे क्षेत्र असल्यास त्याचा फेरफार पाहिल्याशिवाय वाडीचा इतिहास पुरा होणार नाही. एक गोष्ट मात्र मनापासून सुचवतो : इर्जिक (जेवण घालून शेजाऱ्यांच्या बैल-माणसांकडून करून घेतलेले शेतकाम) आणि सावड (आळीपाळीने एकमेकांच्या शेतात केलेले काम) यांविषयी तपशिलाने लिहावे. कोणाचे बैल कोणाच्या नांगराला जुंपले जात, जेवण कोण घाली, ज्याच्याकडे बैलच नव्हते तो परतफेड कशी करी, हे सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली मंडळी वाडीत असतील. जवळचा पाझर तलाव किंवा रस्ता त्या वेळच्या कामातला आहे का, हे त्यांनाच ठाऊक असेल.

वाडीकर : सर्वांचा आभारी आहे. विहिरीविषयी वडिलांना विचारले. सर्वांत जुनी विहीर तीन भावकींच्या सामाईकीत असून पाण्याची पाळी आजही दिवसांवर ठरलेली आहे. एका भावकीला आठवड्यातून एकच दिवस का मिळतो, हे मात्र घरात कोणी सांगू शकले नाही. त्या विहिरीच्या नंबराचे जुने फेरफार मिळावेत म्हणून सोमवारी तहसील कार्यालयात अर्ज देतो.